तुम्ही विचारलंत म्हणून: केमोत किडनीसाठी हळद द्यायची का?

केमोसाठी खारघरला येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीला जड जातं म्हणतात. मग हळदीच्या कॅप्सूल, आवळ्याचा रस, गुळवेल, काय सुरू करू?" माझं उत्तर: काहीच नको. पण नुसतं 'नको' म्हटलं की लोक गुपचूप देतात, म्हणून कारणासकट सांगतो.

तुमच्या शंकेमागचा तर्क चुकीचा नाही. किडनीच्या बारीक नलिकांमधल्या पेशी रक्तातलं सिस्प्लॅटिन आत ओढून घेतात आणि तिथे ते रक्तापेक्षा कितीतरी पट साठतं. पेशीला जपणारं ग्लुटाथायोन संपतं, पेशीला इजा करणारे फ्री रॅडिकल्स वाढतात, पेशी मरतात. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेरसेटिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी यांनी हे नुकसान कमी होतं, असे उंदरांवरचे प्रयोग ढीगभर आहेत.

पण त्यातल्या अनेक प्रयोगांत उंदराला कॅन्सरच नसतो. किडनी वाचली हे दिसतं. गाठीवरचा औषधाचा मारा बोथट झाला का, हे कळायला गाठच नाही. शिवाय डोस बघा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर माणसासाठी त्याला साधारण ६.२ ने भागतात. साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम झाले. हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के, म्हणजे रोज पासष्ट ग्रॅम हळद! आमटीतली चिमूटभर हळद खुशाल खा, तिचा ना त्रास ना उपयोग.

कॅप्सूलचं तसं नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जात नाही, म्हणून तिच्यात मिरीतलं पायपरिन घालतात. ते औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सना अडवतं, त्यामुळे सोबतच्या इतर गोळ्यांची रक्तातली मात्रा चढू शकते. आवळ्याचा रस ग्लासभर रोज म्हणजे व्हिटॅमिन सी भरपूर, आणि त्यातल्या काही भागाचं शरीर ऑक्सलेट बनवतं, ज्याचे किडनीत खडे होऊ शकतात. हातगाडीवरचं मीठ-तिखट लावलेलं स्टारफ्रूट तर किडनी आधीच अधू असेल तर विषच. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. यकृत बिघडलं की केमो लांबते.

मग किडनी वाचते कशाने? सलाइनने आणि त्यातल्या मॅग्नेशियमने. सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर मिळून एक ते दोन लिटर सलाइन देतात, ते 'वेळ खाणारं' म्हणून घाई करू नका. घरी पुढचे दोन-तीन दिवस रोज दोन-अडीच लिटर पाणी (हृदयाचा आजार किंवा पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). ठाण्याहून पनवेल लोकलने येणारे पेशंट गाडीत शौचालय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. नेमकं तेच नको. प्या, वाटलं तर तुर्भे किंवा नेरूळला उतरून पुढची गाडी धरा.

उलट्या थांबत नसतील आणि पाणी पोटात टिकत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा. सुकलेल्या शरीरात किडनी सगळ्यात आधी बसते. अंग दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा 'नेहमीची' कॉम्बिफ्लॅम नको. पॅरासिटामॉलसुद्धा ताप बघून, डॉक्टरांना विचारून. ताप आला आणि गोळीने दबला तर इन्फेक्शन लपतं.

रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ, किडनी मंदावली की तो वाढतो) केमोच्या पहिल्या सायकलआधी, म्हणजे पहिल्या फेरीआधी, ०.७ होतं आणि आता १.१ झालंय, तर लॅबच्या चौकटीत ते बसतं, पण दीडपटीहून जास्त वाढलंय. बारीक, स्नायू उतरलेल्या पेशंटमध्ये आकडा मुळातच कमी दिसतो. म्हणून सगळे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेने लावा आणि पहिल्या दिवसाचा आकडा वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा. पायात गोळे येत असतील, बोटं थरथरत असतील, तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. नेहमीच्या तपासणीत ते असतंच असं नाही.