ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यातच का?

मुंबईत पाऊस स्थिरावला की घरोघरी जुलाब-उलट्या सुरू होतात आणि ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या, बाबतीत एक चूक हमखास होते. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. जरा कडक झालं की लवकर गुण येईल, असा समज. होतं नेमकं उलट, आणि ते का, हे आतड्याच्या पेशीचं पटल समजलं की लगेच कळतं.

हे प्रद्रव्यपटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं असतं. फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंचे दोन थर, डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे, तेलकट शेपट्या मधे. ऑक्सिजन या तेलकट मधल्या भागातून सहज जातो. सोडियमला विद्युतभार आहे, ग्लुकोज पाण्यात रमणारा मोठा रेणू. दोघांनाही तिथून वाट नाही. त्यांना पटलात रुतलेली प्रथिनंच आत नेतात.

लहान आतड्यातलं असं एक प्रथिन म्हणजे एसजीएलटी-१. त्याची अट कडक आहे: दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदमच आत घेणार. नुसतं मीठ दिलं तर ते काम करत नाही, नुसती साखर दिली तरी नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. एक एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून तो ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. म्हणून पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि आतड्यातलं सोडियम ग्लुकोजला घेऊन आत येत राहतं. मागोमाग परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे, पाणी.

कॉलऱ्याचं विष याच पेशींचे क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवतं, म्हणून पाणी भळाभळा आतड्यात उतरतं. पण एसजीएलटी-१ ला ते धक्का लावत नाही. सगळी जलसंजीवनी या एका गोष्टीवर उभी आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच जोरावर.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल. एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे लिटरभर द्रावणात विरघळलेल्या सगळ्या कणांचं माप, २४५ मिलिऑस्मोल, रक्ताची साधारण २९०. आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा पातळ, म्हणून पाणी रक्ताकडे जातं. तेच पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवलं की आकडा ४९० होतो आणि पाणी उलटं आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात, शिवाय लहान मुलांच्या रक्तात सोडियम चढू शकतं. कोल्ड्रिंकचंही तेच: लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर आणि सोडियम नावापुरतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. ते जोडीला द्यावं, ओआरएसऐवजी नको.

पाकिटावरचा आकडा आधी वाचा, कारण दुकानात २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. पाणी उकळून गार करा आणि मगच पूड घाला, कालवलेलं द्रावण पुन्हा उकळू नका. पाकीट पूर्ण रिकामं करायचं. अंदाजाने अर्धं घातलं तर प्रमाणाचा भरवसा राहत नाही. वरून साखर, सरबत, काही नको. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पाकीट हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा सुरीने सपाट करा, शिगोशिग भरलेल्या चमच्याने सगळं गणित बिघडतं. घरातली साखर चालते, आतड्यात तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या, नव्याने करा.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, दहा वर्षांपर्यंत १०० ते २००, मोठ्यांना मागतील तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका. मूल पीतच नसेल, मलूल पडलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.