प्लगचा गंज वरून उतरतो

सकाळी स्टार्ट केली की गाडी मिस मारायची, आयडलिंगला थरथरायची, आणि इंजिन तापलं की एकदम शहाण्यासारखी. स्कॅनर लावला तर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (आतलं पेट्रोल नीट पेटत नाही). तिसऱ्याची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) दुसऱ्यावर टाकून बघितली. कॉइलच गेलेली असती तर कोड पी०३०२ झाला असता. तो तिसऱ्यावरच ठाम राहिला.

टॉर्चचा उजेड टाकून विहिरीत डोकावलो. (प्लग बसतो त्या खोल भोकाला मी विहीरच म्हणतो; आमच्या गाडीत तर तळाला पाणीही होतं.) प्लगचं षटकोनी डोकं गंजून तांबडं झालेलं, वर लाल पावडर. अशा वेळी पाना घालायची घाई करायची नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, चष्मा लावून आत हवा मारायची, गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबायचं. प्लग थोडा सैल झाला की परत हवा. ही दुसरी हवा बरेच जण टाळतात, आणि तो कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो. प्लग अडलाच तर थोडा उलटा, थोडा सुलटा. जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे जातात.

प्लग हातात आल्यावर पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली. स्पार्क टोकाला न जाता ओल्या रबराच्या बाजूने धातूवर उडत होता, त्याची ही खूण. इंजिन तापलं की ओल उडते, म्हणून गाडी सुधारायची. अशी रेघ रबर बुटाच्या (कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीच्या) आतही उमटते, त्यामुळे नुसता प्लग बदलून भागत नाही, बूटही नवा लागतो. धातूला लागून असलेलं तपकिरी कडं मात्र निरुपद्रवी असतं, त्याला घाबरू नका.

पण पाणी आलं कुठून? काचेच्या तळाशी, वायपरच्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि बॉनेटखाली बघत राहिलो. निचऱ्याच्या तोंडाशी पानं कुजून बोळा झालेला. पाणी तुंबून कोपऱ्यातून ठिबकत होतं, नेमकं तिसऱ्या कॉइलवर. कॉइलच्या माथ्याचं सील तर इतकं कडक झालेलं की नख रुततच नव्हतं. विहिरीत पाण्याऐवजी तेल असतं तर दोष व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलचा, ते वेगळं काम.

निचरा मोकळा केला, सील आणि बूट नवे, बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात. नव्या प्लगच्या आट्यांना काही लावलं नाही. लेप असलेल्या प्लगला वंगण लावलं की पान्याला तेवढाच जोर लावूनही प्लग जास्त आवळला जातो. आधी हातानेच आटे धरू दिले, मग पुस्तिकेतल्या टॉर्कला (आवळायच्या जोराच्या मापाला) आवळला.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र हे सगळं नंतर, आधी गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं, आणि तो कन्व्हर्टर प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.