आपला ‘च’ आणि इंग्रजीतला ‘ओन्ली’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत खरं तर आठवणी लिहायच्या. पण मराठी माध्यमात शिकून पाचवीपासून इंग्रजीला लागलेल्या आम्हा जुन्या मुलांना एक शब्द अजून नडतो. आता शिकणाऱ्यांना तो नडू नये, म्हणून त्याच्याविषयीच लिहितो. शब्द आहे ‘ओन्ली’.

‘मी सोलापूरचाच’ याचं आपण ‘आय ॲम फ्रॉम सोलापूर ओन्ली’ करतो. आपल्याकडे ते चालून जातं, पण प्रमाण इंग्रजीत खटकतं. आपला ‘च’ दोन कामं करतो: कधी ‘दुसरं काही नाही’ असं सांगतो, कधी नुसता जोर देतो. ‘ओन्ली’ला पहिलंच काम येतं. म्हणून आधी ‘च’ काढून ‘फक्त’ घालून बघा. ‘तीनच चादरी’ म्हणजे फक्त तीन. अर्थ टिकला, ‘ओन्ली’ चालेल. ‘मी फक्त सोलापूरचा’ हे मात्र विचित्र वाटतं. तिथे ‘ओन्ली’ नको, ‘आय ॲम फ्रॉम सोलापूर’ पुरे. ‘तो इथेच राहतो’ याला ‘ही लिव्ज राइट हिअर’. ‘त्यानेच सांगितलं’ यात बोट त्याच्याकडे दाखवायचं असेल, तर ‘ही वॉज द वन हू टोल्ड मी’.

दुसरी अडचण जागेची. ‘च’ शब्दाला मागून चिकटतो, ‘ओन्ली’ लिहिताना बहुधा शब्दाच्या आधी बसतो. ‘सविता सोल्ड मी थ्री चादर्स’ हे वाक्य घ्या. ‘ओन्ली सविता सोल्ड मी...’ म्हणजे सवितानेच विकल्या. ‘सोल्ड मी ओन्ली थ्री चादर्स’ म्हणजे तीनच. बोलताना इंग्रज सर्रास ‘सविता ओन्ली सोल्ड मी थ्री चादर्स’ म्हणतात आणि ‘थ्री’वर आवाज चढवतात. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून अर्जात आणि उत्तरपत्रिकेत ‘ओन्ली’ नेमक्या शब्दाला खेटूनच लिहावा. ‘लेडीज ओन्ली’सारख्या पाट्यांवर तो शेवटी येतो, तसाच चेकवर रकमेच्या अक्षरांनंतर. तिथे तो आपल्या पावतीवरच्या ‘मात्र’चं काम करतो: पुढे कोणी आकडा वाढवू नये.

सर्वांत जास्त चूक होते ती ‘घंटा झाल्यावरच मुलं बाहेर आली’ अशा वाक्यात. ‘ओन्ली आफ्टर द बेल रँग’ने सुरुवात केली, की पुढे ‘डिड द बॉइज कम आउट’ असा उलटा क्रम लागतो. ‘डिड’मध्ये भूतकाळ आला, म्हणून ‘केम’ नाही, ‘कम’. ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागला असेल, तर क्रम सरळच राहतो: ‘ओन्ली द बॉइज केम आउट’.