जपानची रेल्वे एक नाही, सहा आहेत

जपानच्या नकाशात सगळीकडे 'जेआर' (जपान रेल्वे) दिसलं की आपला माणूस धरून चालतो, आपल्यासारखीच एक रेल्वे असणार. घोळ इथेच होतो. 1 एप्रिल 1987 रोजी सरकारी रेल्वेची विभागणी होऊन प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या. भाडं, कार्ड, सामानाचे नियम त्यांच्या हद्दीवर बदलतात.

आधी भाडं. मध्य जपानात जेआर तोकाईचं किमान तिकीट 150 येन, शिकोकू बेटावर 190, होक्काइदोत 210. म्हणजे जिथे गाड्या कमी, तिथे तिकीट महाग! टोकियोत यामानोते मार्गावर दर तीन-चार मिनिटांनी गाडी येते; शिकोकूत काही स्टेशनांवर एक चुकली की दोन तास बसून राहा. वर, कमी वर्दळीच्या मार्गांवर भाडं काढताना अंतरच सुमारे 10 टक्के वाढवून धरतात. कोकण रेल्वेवर असंच जास्त अंतर धरून भाडं लावतात, त्यामुळे कोकणातल्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. प्रवासी कमी म्हणून खर्च भागत नाही, हे कारण खरं आहे. पण त्याचा भार शाळेत जाणाऱ्या मुलांवर आणि दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांवर पडतो, हे पटत नाही.

शिकोकूच्या एक डब्याच्या डिझेल गाडीत बहुधा चालक एकटाच असतो. मागच्या दाराने चढायचं आणि दाराजवळच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या नंबरासमोर भाडं दिसतं, स्टेशनागणिक वाढत जाणारं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. सुटे तिथल्याच यंत्रात मिळतात, पण बहुतेक ठिकाणी ते 1,000 येनचीच नोट घेतं. 10,000ची नोट घेऊन चढू नका.

कार्डाची गंमत नाही, अडचणच आहे. टोकियोत सुइका हे जेआर पूर्वचं प्रीपेड कार्ड टेकवून आत गेलात आणि अतामीपुढच्या नुमाझूला उतरलात, तर गेट उघडत नाही. रूळ तेच, पण अतामीला जेआर पूर्वची हद्द संपते. मग कर्मचारी पूर्ण भाडं रोख घेतो आणि एक कागद देतो. तो सुइका चालणाऱ्या स्टेशनावर दाखवेपर्यंत कार्ड अडकलेलंच. हद्द ओलांडायची असेल तर सरळ कागदी तिकीट काढा.

टोकियो ते शिन-ओसाका नोझोमी या बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट नेहमीच्या दिवसांत 14,720 येन: 8,910 मूळ भाडं आणि 5,810 जलद गाडीचे. गाडी दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली, तर हे जलद गाडीचे पैसे परत मिळतात, मूळ भाडं नाही.

याच मार्गावर बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर मागे सामानाची जागा असलेली ठरावीक सीट आधीच आरक्षित करावी लागते. त्या आरक्षणाचे वेगळे पैसे लागत नाहीत. न करता चढलात तर 1,000 येन. विमानाच्या 158 सेंटिमीटरच्या मर्यादेतली बॅग 160च्या आत बसते, मात्र चाकं आणि मूठ धरून मोजा.