थोटकांचा डबा

तांबडा-पांढरा झाला की कोल्हापुरातल्या घराला सोमवारपर्यंत दुसरा कसलाही वास चिकटत नाही. पडद्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं रश्श्याचं होऊन जातं. आषाढात त्यात न वाळलेल्या कपड्यांची भर पडते. अशा घरात सुगंधी मेणबत्ती लावायची हौस म्हणजे धाडसच, आणि त्यासाठी दुकानात पाचशे-सहाशे रुपये मोजायचे तर निव्वळ उधळपट्टी.

आमच्याकडे ती जळून उरलेल्या मेणबत्त्यांच्या थोटकांतून होते. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली. आमच्या दारापर्यंत पाणी आलं नाही, पण लाईट गेली. तेव्हापासून राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं, की आई आधी मेणबत्त्यांचा पुडा आणून ठेवते. धोक्याची पातळी 43, पण तिथवर थांबायला ती काय पाटबंधारे खातं नव्हे. पुडे आले की थोटकं साठतात, आणि थोटकं टाकून देणं आमच्या घराण्यात बसत नाही. बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा त्यांच्याच नावावर आहे.

वितळवायला पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलचा डबा, डब्यात थोटकं. साधं मेण 60 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे उकळतं पाणी पुरून उरतं. थेट गॅसवर मात्र कधीच ठेवू नये. मेण दुधासारखं वर येऊन ओरडत नाही. ते गप्प तापत जातं आणि एकदम पेट घेतं. पेटलंच तर गॅस बंद करून वर झाकण टाकायचं, पाणी चुकूनही ओतायचं नाही. वितळलेलं मेण जुन्या सुती फडक्यातून गाळलं की जळक्या वाती आणि काड्यांची टोकं मागं राहतात. उरलंसुरलं बेसिनमध्ये ओतणाऱ्यानं प्लंबरचे पैसेही हिशेबात धरावेत.

काटकसर कुठं करायची हे या कामात नीट ठरवायला लागतं. भांड्यात खुशाल करावी: कान मोडलेला चहाचा कप चालतो, तडा गेलेला मात्र नको. वातीत करू नये. देवापुढची कापसाची वात तेलात छान जळते, पण मेणात मान टाकते. त्यापेक्षा सुती दोऱ्याची तीन पदरी वेणी घालायची, मेणात बुडवायची आणि दोन्ही टोकं ताणून वाळवायची. पाच मिनिटांत ती काडीसारखी ताठ होते. सुगंध काही ज्योतीतून येत नाही, तिच्याभोवती साठलेल्या पातळ मेणाच्या तळ्यातून येतो. वात बारीक असली तर मधेच विहीर खणली जाते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड असली तर ज्योत उंच जाऊन काजळी धरते. पहिल्यांदा लावाल तेव्हा तळं कपाच्या कडेला भिडल्याशिवाय विझवू नका.

सुगंधाचं प्रकरण जरा खर्चिक आहे. 100 ग्रॅम मेणाला सहा ते आठ ग्रॅम सुगंधी तेल लागतं. मला आधी वाटलं होतं, घरात आहे ते घालावं. महाद्वार रोडला एका अत्तरवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “ताई, मेणात घालायचं तर तेलातलं न्या. स्प्रे नको, गुलाबपाणी तर अजिबात नको.” बरोबरच आहे; पाणी मेणात मिसळत नाही, ज्योतीशी आलं की तडतडतं, आणि स्प्रेतलं अल्कोहोल गरम मेणाजवळ नेणं म्हणजे आगीशी खेळ. केकमधला व्हॅनिला इसेन्सही त्याच कारणानं बाद. शिवाय व्हॅनिला आणि कांदा-लसूण चटणी एका खोलीत नांदणं मला तरी अशक्य वाटतं. गवती चहा किंवा निलगिरी रश्श्यासमोर थोडं तरी उभं राहतं.

मला खरं तर दवणा हवा होता. चैत्रात जोतिबाला जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीतून गुलालाबरोबर जो वास येतो, तो. दवण्याचं अस्सल तेल महाग, आमच्या थोटकांना न शोभणारं. वाळला दवणा खोबरेल तेलात कोमट करून बघितला. तेलाला वास लागतो, पण ते मेणात गेलं की वास कुठल्या कुठे जातो आणि मेणबत्ती मात्र मऊ पडते. वर काड्या खोचाव्यात तर दिसायला झकास, पण ज्योत खाली आली की त्याही पेटतात. शेवटी मी गवती चहाची मेणबत्ती झाकणाच्या डबीत ओतते आणि झाकणाला आतून दवण्याची एक काडी चिकटवते. झाकण उघडलं की जोतिबा, लावली की गवती चहा. लावताना झाकण बाजूला ठेवायचं, एवढंच पथ्य.

दिवाळीला अशा डब्या नात्यात वाटल्या. आत्यानं हातात घेऊन उलटसुलट बघितली, हुंगली, “लई भारी झालीया गं” म्हणाली, आणि लगेच विचारलं, “बिनवासाच्या मोठ्या करून देशील का चार? पावसाळ्यात लाईट जाते आमच्याकडं.”