काटा बरा की आकडा

आज सात रस्त्याजवळ गॅरेजात एक पोरगं क्विड गाडीचं स्पीड मीटर दाखवत सांगत होतं, काका हे डिजिटल आत्ता आत्ता आलंय. अरे बाबा, १९७६ ला ॲस्टन मार्टिन कंपनीनं लगोंडा गाडी दाखवली तीच डिजिटल मीटरवाली, आधी एलईडी दिव्यांचे आकडे आणि पुढं तर टीव्हीसारखी सीआरटी ट्यूब बसवली त्याच गाडीत! १९८४ च्या कॉर्वेट गाडीला एलसीडी स्क्रीनचं मीटर, १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरा गाडीत चक्क टचस्क्रीन. मला विचाराल तर काटाच बरा, कुठं झुकलाय ते नुसती नजर टाकली तरी कळतं, आकडा वाचत बसावा लागतो. त्यात आपल्या सोलापूरचं ऊन, दुपारी बाराला स्क्रीनवर स्पीड कमी आणि आपलंच तोंड जास्त दिसतं की हो 😄