सेमाडोहचा रानपिंगळा आणि माझं चित्र

चार्ली हार्पर (१९२२-२००७) हा अमेरिकन चित्रकार मला कॉलेजपासून प्रचंड आवडतो. पक्षी, प्राणी, झाडं, सगळं पट्टी आणि कंपास घेऊन काढलेलं, वर्तुळं, त्रिकोण, सरळ रेषा, तरी बघताक्षणी पक्षी ओळखू येतो. आपण पंखातली पिसं मोजत नाही, पंख मोजतो, असं तो सांगायचा. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांसाठी त्याने पोस्टर्स केली, एकाच कागदावर अख्खा अधिवास. तसं आपल्या मेळघाटचं एक करायचं हे कधीपासून डोक्यात होतं.

तर फेब्रुवारीत अमरावतीहून एसटीने परतवाडा, तिथून जीपने घाट चढून मेळघाटातलं सेमाडोह. साग बहुतेक निष्पर्ण, म्हणजे नुसत्या उभ्या रेषाच, आणि मधेच पळस पेटलेला. सोबतचे गाईडभाऊ इथल्या कोरकू आदिवासी समाजातले, ते म्हणाले सिपना म्हणजे आमच्या भाषेत साग, म्हणजे खालून वाहते ती सिपना नदीसुद्धा सागाचीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात एका वाळक्या फांदीवर घुबड बसलेलं दिसलं, मी म्हटलं पिंगळा, ते नेहमी दिसणारं ठिपकेवालं छोटं घुबड, आणि स्केचबुक काढून भराभर डोक्यावर ठिपके द्यायला लागले. भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, डोक्शाकडे पाहा ना नीट. ठिपके हायेत काय?"

नव्हते. डोकं जवळजवळ सपाट तपकिरी, पंखांवर जाड पट्टे, शेपूट सारखी झटकत होता. रानपिंगळा! १८८४ नंतर ११३ वर्षं ज्याची पक्की नोंदच नव्हती, जो संपला असंच लोक धरून चालले होते, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या साथीदारांना शहाद्याजवळ सापडला, नंतर मेळघाटातही मिळाला, तो हा. दिवसाढवळ्या शिकार करतो म्हणून आम्हाला एवढ्या उन्हात दिसला. माझे हात अक्षरशः थरथरत होते.

मी ठिपके खोडले. हार्परची चित्रं इतकी वर्षं बघूनही, काय काढायचं नाही हे आधी पक्ष्याकडे बघूनच ठरतं, ते मला त्या फांदीखाली उभं राहून कळलं.

घरी येऊन पोस्टर कलरने सुरू केलंय. सागाच्या बावीस उभ्या पट्ट्या, पळसाचे केशरी त्रिकोण, खाली सिपनेची निळी रेघ. रानपिंगळ्याचं डोकं एकच तपकिरी गोल. पांढऱ्या पायमोज्यांच्या रानगव्याला मात्र अजून जागा सापडत नाहीये, बहुतेक डावीकडचे चार साग कमी करावे लागतील.